घोडा आणि स्वार : ब्राझीलमधील एक न्याहारी

ब्राझील देशाच्या घरगुती स्वयंपाकांत एक पदार्थ असा आहे कीं, त्याचें नांव प्रथम ऐकणाऱ्यास थोडें हसूं आल्यावांचून राहत नाहीं. पोर्तुगीज भाषेंत त्यास ‘बीफी आ कव्हालू’ म्हणतात. ‘बीफी’ हा शब्द पोर्तुगिजांनीं इंग्रजीतून उचलला आणि मांसाच्या चपट्या कापास लावला. ‘आ कव्हालू’ म्हणजे घोड्यावर बसलेला. व्याकरणाच्या दृष्टीनें पाहिलें तर मांसाचा कापच घोड्यावर बसला आहे, असा अर्थ होतो. परंतु ताटाकडे पाहणाऱ्यास उलट प्रकार दिसतो. खालीं तव्यावर परतलेला काप, आणि त्यावर ऐटीनें बसलेलें तळलेलें अंडें. काप हा घोडा आणि अंडें हा स्वार, असाच अर्थ लोकांनीं मनांत धरलेला आहे. या घोडेस्वाराची कृति सोपी आहे. मात्र तो ब्राझीलच्या घरांत कसा आला आणि कधीं कधीं घोड्यावांचून पायींच कां येतो, हें कळल्याखेरीज त्या कृतींतील मर्म लक्षांत येत नाहीं.

न्याहारी म्हणून या पदार्थाची ओळख करून देतांना एक खुलासा प्रथमच केला पाहिजे. साओ पावलो किंवा रियो दि जानेरो येथील नोकरपेशाचें कुटुंब रोज सकाळीं मांस व अंडीं खातें, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. त्या देशांत न्याहारीला ‘सकाळची कॉफी’ असेंच नांव आहे, आणि बहुतेक घरांत ती नांवाप्रमाणेंच असते : दुधाची कॉफी, लोणी लावून तव्यावर शेकलेला पाव, जोडीला चीज किंवा पपईची एखादी फोड. अंड्याचा स्वार घेऊन येणारा काप साधारणपणें भेटतो तो दुपारच्या ताटांत, भात आणि घेवड्याच्या दाण्यांची पातळ उसळ यांच्या शेजारीं.

मग मांस व अंडें यांचा सकाळशीं कांहींच संबंध नाहीं काय? आहे, आणि तो बराच जुना आहे. ‘आल्मोसु’ हा शब्द आज दुपारच्या जेवणाचा वाचक आहे. एकोणिसाव्या शतकांत मात्र तो सकाळीं आठ ते दहाच्या सुमारास होणाऱ्या भरपूर खाण्याला लावीत असत. मुख्य जेवण दुपारीं दोन-तीनला आणि रात्रीं हलका आहार, असा तेव्हांचा क्रम होता. पहांटे उठून मळ्यावर राबणाऱ्या माणसास नुसती कॉफी आणि पाव पुरणारा नव्हता. शहरें वाढलीं, कचेऱ्यांच्या वेळा ठरल्या, आणि सकाळचें हें खाणें पुढें सरकत दुपारीं जाऊन बसलें. त्याच्या मागें उरली ती कॉफी.

देशाच्या ईशान्य भागांत मात्र जुनी चाल अजून टिकून आहे. तेथील अंतर्भागास ‘सेर्तांव’ म्हणतात. हा कोरडा, कांटेरी झुडपांचा, वरचेवर अवर्षणाच्या तडाख्यांत सांपडणारा प्रदेश आहे. मक्याच्या भरड्याचा वाफवलेला ‘कुसकूस’, उकडलेला कसावा, तव्यावर परतलेलें ‘उन्हांतलें मांस’ आणि अंडें, अशी न्याहारी तेथें आजहि होते. या मांसाचें नांव उन्हाचें असलें, तरी तें थोडें मीठ लावून पुष्कळदां सावलींतल्या वाऱ्यावरच सुकवितात. जेथें बर्फ नव्हता आणि बाजार दोन दिवसांच्या वाटेवर होता, तेथें मांस टिकविण्याचा दुसरा सोपा उपाय नव्हता.

गाय-बैल हे ब्राझीलचे मूळचे रहिवासी नव्हेत. सोळाव्या शतकांत पोर्तुगिजांनीं ते जहाजांतून आणले. किनाऱ्यालगत उसाची लागवड वाढत गेली, तसतशीं गुरें उसाला अडचणीचीं वाटूं लागलीं. १७०१ सालच्या एका राजाज्ञेनें तर किनाऱ्यापासून दहा लीग अंतराच्या आंत गुरें पाळण्यास मनाईच केली. अशा रीतीनें ऊस किनाऱ्यावर राहिला आणि गुराखी आंत गेले. मांस ही अंतर्भागाची संपत्ति झाली.

या कथेचा पुढील भाग भारतीय श्रोत्यांस विशेष वाटेल. युरोपांतून आलेलीं गुरें उष्ण कटिबंधांतील ऊन आणि गोचिडी यांपुढें टिकेनात. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील पशुपालकांनीं भारतांतील वशिंडाचीं गुरें नेण्यास आरंभ केला. आंध्राच्या किनाऱ्यावरील ओंगोल जातीस तेथें नेल्लोर या जिल्ह्याच्या नांवावरून ‘नेलोरे’ म्हणूं लागले. काठेवाडची गीर ‘जिर’ झाली आणि गुजरातेंतील कांकरेज ‘गुझेरा’ बनली. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतहि बरींच निवडक जनावरें भारतांतून गेलीं. मिनास जेराइस राज्यांतील उबेराबा हें शहर या पैदाशीचें मुख्य केंद्र ठरलें. आज ब्राझीलमध्यें मांसासाठीं पाळलेल्या गुरांपैकीं बहुसंख्य नेलोरे अथवा तिच्या मिश्र वंशाचीं आहेत. ज्या जनावरांनीं गोदावरी-कृष्णेच्या मुलखांत नांगर ओढला, त्यांचे वंशज अटलांटिकच्या पलीकडे अशा रीतीनें कसायाच्या दुकानीं जाऊन पोंचले.

या गोष्टीचा स्वयंपाकघराशींहि प्रत्यक्ष संबंध आहे. वशिंडाच्या गुरांच्या मांसांत चरबीच्या रेषा कमी असतात, आणि सामान्यतः तें युरोपीय जातींच्या मांसापेक्षां थोडें चिवट असतें. जाड तुकडा विस्तवावर ठेवून आंतून लाल राखावा, ही इंग्रजी अथवा अमेरिकन पद्धत त्यास तितकीशी मानवत नाहीं. म्हणून ब्राझीलमधील गृहिणी घरच्या तव्यासाठीं काप पातळ घेते, त्यास लसूण व मीठ चोळते आणि कडक आंचेवर थोडक्या वेळांत परतून काढते.

आतां कृतीकडे वळावें. चार माणसांसाठीं पाठीच्या मागील भागाचें किंवा पुठ्ठ्याचें मांस अर्धा किलो घ्यावें, आणि त्याचे सुमारें १ सेंटिमीटर जाडीचे चार काप करून घ्यावे. काप तंतूंच्या आडवे कापलेले असावे. लांब तंतु तसेच राहिले तर दांतांना तेच तोडावे लागतात. सुरीनें ते अगोदरच आंखूड झाले, म्हणजे चिवट मांसहि मऊ लागतें. याशिवाय लसणीच्या चार पाकळ्या, एक चहाचा चमचा मीठ, थोडी मिरपूड, एक चहाचा चमचा शिरका किंवा लिंबाचा रस, तीन मोठे चमचे तेल, थोडें लोणी, दोन मध्यम कांदे आणि चार ताजीं अंडीं इतकें साहित्य पुरे.

महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या, आणि त्याच्या २०१५ सालीं अमलांत आलेल्या दुरुस्तीनें बैल व वळू यांच्याहि कत्तलीस बंदी आहे. तेव्हां तेथील ज्या घरांत असें मांस चालतें, त्यांस म्हशी-रेड्यांच्या मांसाचाच विचार करावा लागेल. तें रंगानें गडद व चरबीनें कमी असतें. म्हणून पातळ काप, आडवी कापणी आणि थोडा वेळ हीच रीत त्यासहि लागू पडते. ज्यांच्या घरीं हेंहि चालत नाहीं, त्यांच्यासाठीं स्वाराची कृति पुढें आहेच.

लसूण व मीठ एकत्र ठेचून त्यांत मिरपूड आणि शिरका घालावा, व तें वाटण कापांस दोन्हीं बाजूंनीं चोळून पंधरा-वीस मिनिटें ठेवावें. तव्यावर टाकण्यापूर्वीं लसणीचे कण निपटून बाजूस काढावे. नाहींतर ते करपून कडू होतात. नंतर काप स्वच्छ फडक्यानें अथवा कागदानें टिपून अगदीं कोरडे करावे. पुष्कळ घरांत ही पायरी गाळली जाते आणि पदार्थ तेथेंच बिघडतो. ओलें मांस तव्यावर पडलें, म्हणजे तव्याची उष्णता प्रथम त्या पाण्याची वाफ करण्यांत खर्ची पडते. काप परतला जाण्याऐवजीं शिजतो, करडा पडतो आणि आपल्याच पाण्यांत बसून राहतो. पृष्ठभाग कोरडा असेल तर तो लवकरच १४० अंशांच्या वर तापतो, आणि मांसांतील प्रथिनद्रव्यें व शर्करा यांचा संयोग होऊन तो तपकिरी रंग आणि तो खमंग वास उत्पन्न होतो. या रासायनिक क्रियेचें वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं केलें, व तिला त्याचेंच नांव मिळालें आहे.

येथें एका जुन्या समजुतीचा उल्लेख अवश्य आहे. कडक आंचेनें मांसाचीं तोंडें बंद होतात आणि रस आंत कोंडून राहतो, असें स्वयंपाकाच्या पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलें आढळतें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग याच्या १८४७ सालच्या ग्रंथापासून ही कल्पना सर्वत्र पसरली. पुढील प्रयोगांत ती टिकली नाहीं. तपकिरी झालेल्या कापांतूनहि रस झिरपतोच, आणि तव्यावर जो चर्रर् आवाज ऐकूं येतो तो त्याच रसाचा असतो. कडक आंच हवी ती रंगासाठीं आणि चवीसाठीं. रस राखावयाचा तो वेळ आटोक्यांत ठेवून.

बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा चांगला तापवावा. एक मोठा चमचा तेल घालून एका वेळीं दोनच काप टाकावे. चारहि काप एकदम टाकले तर तवा थंड पडतो, आणि पुन्हां तोच पाण्याचा प्रकार होतो. टाकल्यावर दीड ते दोन मिनिटें त्यांस हात लावूं नये. काप आपोआप तव्यापासून सुटूं लागला, म्हणजे उलटावा, आणि दुसरी बाजू तितकाच वेळ होऊं द्यावी. झालेले काप गरम ताटलींत काढून झांकून ठेवावे. तीन-चार मिनिटांच्या या विश्रांतींत आंतील रस थोडा स्थिरावतो आणि सुरी लावतांच वाहून जात नाहीं.

तव्याच्या बुडाशीं जो तपकिरी थर लागून राहतो तो धुऊन टाकणें म्हणजे अर्धी चव मोरींत ओतण्यासारखें आहे. त्याच तव्यांत थोडें तेल व पातळ उभा चिरलेला कांदा घालावा, बाजूस काढलेली लसूण टाकावी, आणि कांदा मऊ होऊन कडा लाल झाल्या म्हणजे अर्धी वाटी पाणी ओतून उलथण्यानें बूड खरवडावें. दोन मिनिटांत दाटसर रस्सा तयार होतो. त्याच्या रंगावरून ब्राझीलमध्यें त्याला गंजाचा रस्सा असें नांव पडलें आहे. नांव फारसें मोहक नसलें, तरी त्यांत पावाचा तुकडा बुडवून पाहणारा नांवाची तक्रार करीत नाहीं.

आतां स्वार. मांसाला कडक आंच लागते, अंड्याला बेताची. एकच तवा व एकच आंच दोघांना चालवूं पाहणाऱ्याच्या हातीं रबरासारखें अंडें येतें. दुसऱ्या लहान तव्यांत थोडें तेल व लोणी मंद आंचेवर तापवावें. अंडें एकदम तव्यावर न फोडतां प्रथम वाटींत फोडावें. नासकें असेल तर तेथेंच कळतें, आणि बलकहि फुटत नाहीं. वाटी तव्याच्या अगदीं जवळ नेऊन अंडें हलकेंच सोडावें. अंड्याचा पांढरा भाग सुमारें ६२ अंशांपासून घट्ट होऊं लागतो, तर पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान दाट होतो. दोहोंमधील अंतर थोडें आहे, आणि अंडें तळण्याचें सगळें कसब त्या थोडक्या अंतरांत आहे. वरचा पांढरा भाग थरथरत असेल तर तव्यांतील गरम तेल चमच्यानें त्यावर दोन-तीनदां सोडावें. अंडें उलटण्याचें कारण पडत नाहीं.

बलक पातळ राहावा, हा या पदार्थाचा संकेत आहे. कारण सुरी लागतांच तो फुटून मांसावर पसरतो आणि तेथें निराळ्या चटणीची गरज उरत नाहीं. परंतु लहान मुलें, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि आजारी माणसें यांच्यासाठीं बलकहि घट्ट होऊं द्यावा. अर्धकच्च्या अंड्यांतून साल्मोनेला जंतूंची बाधा होते. या कारणास्तव ब्राझीलच्या आरोग्य-खात्यानें २००९ सालापासून अंड्यांच्या वेष्टनावर तसा इशारा छापणें बंधनकारक केलें आहे.

ताटलींत प्रथम काप, त्यावर चमचाभर कांदा व रस्सा, आणि सर्वांत वर अंडें, असा क्रम ठेवावा. बाजूस पाव असावा. मराठींतील ‘पाव’ आणि ब्राझीलमधील पावाचें नांव हीं एकाच पोर्तुगीज शब्दाचीं रूपें आहेत. एक गोव्याच्या वाटेनें आला, दुसरें अटलांटिकपार गेलें. मांसाशेजारीं ‘फारोफा’ नांवाची एक कोरडी चटणीहि पुष्कळ घरांत असते. कसाव्याच्या कंदाचें जाडसर पीठ लोण्यावर खरपूस भाजून ती करतात. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. महाराष्ट्रांतील घरांस त्याचा परिचय आहे, पण निराळ्या वेषांत. कारण उपासाचा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वापासून होतो. फारोफाचें काम साबुदाण्यानें होत नाहीं. तें पीठ न मिळाल्यास पावाचा भाजलेला चुरा घालून वेळ निभावावी. शेवटीं फडक्यांतून गाळलेली, चांगली गोड कॉफी.

पाककृति येथें संपली. पण या पदार्थाची हकीकत संपत नाहीं. रेसिफे येथील वैद्य जोझुए द काश्त्रु यांनीं १९४६ सालीं ‘भुकेचा भूगोल’ या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ लिहून आपल्या देशाचे आहाराच्या दृष्टीनें पांच विभाग पाडले. त्यांनीं जें दाखविलें तें पुष्कळांच्या समजुतीच्या उलट होतें. समृद्ध दिसणाऱ्या उसाच्या किनारपट्टींत भूक कायमची वस्तीस होती. आणि उजाड दिसणाऱ्या सेर्तांवमध्यें, पाऊस बरा झालेल्या वर्षीं, मका, दूध व मांस यांवर माणसें धडधाकट राहत. अवर्षण आलें कीं मात्र तोच प्रदेश उपाशी पडे. भूक ही जमिनीच्या कंजूषपणानें येत नसून पुष्कळदां माणसांनीं केलेल्या वांटणीनें येते, हा त्या ग्रंथाचा इत्यर्थ होता.

या विचाराचा प्रत्यय अलीकडेहि आला. ब्राझील हा गोमांसाच्या निर्यातींत जगांत आघाडीवर असलेला देश. परंतु २०२० व २०२१ सालीं तेथें मांसाचे भाव इतके चढले कीं, कष्टकरी कुटुंबांच्या ताटांतून काप नाहींसा होऊं लागला. मातो ग्रोसो राज्य गुरांच्या संख्येसाठीं प्रसिद्ध आहे; त्याच्याच राजधानींत, कुयाबा शहरांत, २०२१ सालीं मांसाच्या एका दुकानापुढें फुकट वांटलीं जाणारीं हाडें मिळविण्यासाठीं लोकांच्या रांगा लागल्या. त्या दिवसांत पुष्कळ घरांची लाज राखली ती अंड्यानें. खाणावळींत भात, घेवड्याची उसळ, काप आणि कोशिंबीर असें ठरावीक भावाचें ताट मिळतें. त्यांत कापाच्या जागीं अंडें येऊन बसलें. घोडा महाग झाला आणि स्वार पायीं चालूं लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-संघटनेनें ब्राझीलचें नांव २०१४ सालीं भुकेच्या नकाशांतून वगळलें होतें. मध्यंतरीं तें पुन्हां त्या नकाशांत गेलें, आणि २०२५ सालीं पुन्हां बाहेर आलें. शाळांतील भोजन, गरीब कुटुंबांस दरमहा मिळणारें साहाय्य आणि मजुरींतील वाढ यांचा त्यांत मोठा वाटा आहे.

भात आणि तळलेलें अंडें ही ब्राझीलमध्यें अडचणीच्या दिवसांची जोडी मानली जाते. पण ज्या गृहिणीस अंडें नीट तळतां येतें, तिच्या हातचा तो भात कोणी नाइलाजाचा म्हणून खात नाहीं. शिळा भात लसूण व कांदा यांवर परतून, तव्यावर कडा कुरकुरीत होऊं देऊन, त्यावर पातळ बलकाचें अंडें ठेवलें, म्हणजे घोडा नसल्याची उणीव पुष्कळ भरून निघते. आणि घरांत चौघांसाठीं एकच काप असेल, तर तो अख्खा एकाच्या ताटांत न वाढतां, त्याच्या बारीक पट्ट्या कापून भरपूर कांद्याबरोबर परताव्या, सर्वांच्या भातावर सारख्या वाढाव्या, आणि प्रत्येकाच्या ताटावर एक-एक अंडें बसवावें. तेथील अनेक घरांत तंगीच्या काळीं हेंच करतात. मांस थोडें असतांहि तें सर्वांच्या वांट्यास येतें, आणि कोणाचेंहि ताट रिकामें दिसत नाहीं.